गणित नव्हतं, आता कोडिंग जमेल का?

प्रश्न: ताई, मी लातूरला बीएस्सी बायोटेक थर्ड इयरला आहे. कॉम्प्युटेशनल बायोलॉजी (कॉम्प्युटर वापरून बायोलॉजी) करायचंय पण बारावीला गणित नव्हतं, वर्गातली पोरं म्हणतात कोडिंग तुझं काम नाही. घरचे म्हणतात लग्नानंतर गॅप पडणारच, मग एवढं शिकून काय?

उत्तर: अगं, मार्गारेट डेहॉफ हे नाव आधी लिहून ठेव, माझ्या प्रत्येक बॅचच्या मुलींना मी तिच्याबद्दल सांगतेच. अमेरिकेतली ही बाई, १९४८ला कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी, तीही पंच कार्डच्या (भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या) मशीनवर केमिस्ट्रीची गणितं सोडवून, आणि मग मुली लहान होत्या तेव्हा काही वर्षं घरी होती. गॅपच की! त्यानंतर १९६५ला सहकाऱ्यांना घेऊन तिने प्रोटीन सिक्वेन्सचा, म्हणजे प्रोटीनमधल्या अमिनो ॲसिडच्या क्रमाचा, ॲटलस काढला, ६५ प्रोटीन होती त्यात, आजच्या डेटाबेसची सुरुवात तिथलीच. अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी, त्यांची एका अक्षराची खूणही तिनेच रुळवली. ट्रिप्टोफॅनला डब्ल्यू, कारण त्यात दोन रिंग आणि अक्षरही रुंद.

आता तुझं. आज रात्रीच युनिप्रॉटवर (प्रोटीनचा ऑनलाइन डेटाबेस) पी०१३०८ टाकून बघ, माणसाचं इन्सुलिन येईल, ११० अक्षरं. ती गूगल कोलॅबमध्ये (ब्राउझरमध्येच कोड चालवता येतो तिथे) पेस्ट कर, फोनवरही उघडतं ते, आणि पायथनच्या एका ओळीत त्यात सी, म्हणजे सिस्टीन हे अमिनो ॲसिड, किती वेळा येतो ते मोज. ६ यायला हवेत. मग उंदराचं इन्सुलिन शेजारी ठेव (उंदरात इन्सुलिनचे दोन जीन असतात, कुठलाही घे), बाकी अक्षरं इकडेतिकडे बदललेली दिसतील पण हे सहा सी टिकलेत, कारण इन्सुलिनचा आकार धरून ठेवणारे तीन बंध त्यांच्यातच असतात. हे तुला बायोलॉजी येते म्हणून कळणार, नुसतं कोडिंग येणाऱ्याला नाही कळत गं. स्टॅटिस्टिक्स मात्र लागेल, ते टाळू नकोस, पण कामासोबत शिकता येतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. एरर आला की पोरं सरळ शेजारच्याला विचारतात आणि मुली आपलंच चुकलं म्हणून गप्प बसतात, हे मी लॅबमध्ये सारखं बघते आणि फार वाईट वाटतं. म्हणून मी शेजारी जाऊन बसते, कीबोर्ड मात्र तिच्याच हातात.

घरच्यांना सांग, पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स सेंटर १९८७पासून आहे, तिथल्या एमएस्सीची माहिती काढ. आणि अडलीस तर एररचा अख्खा मेसेज लिहून पाठव, अर्धा नको.