वाट जेवढी, तेवढा व्हिडिओ

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणेला भार्गवरामाच्या देवळाकडून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून तुम्ही दोघी सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर गेलात, कातळशिल्पापाशी पोचलात, पावसाच्या पहिल्या सरीत भिजलात, परत निघालात. बेचाळीस मिनिटं. खाली तुझा प्रश्न : काका, ह्याच्या रील्स आठ करू की दहा?

एकही करू नकोस. वाट जेवढी, तेवढा व्हिडिओ.

तू चांगलं शूट करतेस हे तुला ठाऊक आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मागच्या वर्षी तू ओढूनताणून आठ मिनिटांचे व्हिडिओ करत होतीस, कारण आठ मिनिटं भरली की मध्ये जाहिरात बसते असं कुणीतरी सांगितलं. मग एक मिनिटाचे शॉर्ट्स. आता मुंबईचा मावसभाऊ म्हणतो, पहिल्या तीन सेकंदांत माणूस अडकला पाहिजे. सडा तोच, समुद्र तोच, शूट करणारी तूच, पण लांबी दर चार महिन्यांनी दुसऱ्याच कुणाची. आणि वर लिहितेस, "नेमकं काय करू तेच कळेनासं झालंय." कसं कळेल? ज्या गोष्टीवरून लांबी ठरायची, ती सोडून बाकी सगळ्यांना तू विचारून झालीस.

मी हे कुठल्या अधिकाराने बोलतो ते सांगतो. राजापुरात लग्नाचं शूटिंग करण्यात माझी हयात गेली. व्हीएचएसची कॅसेट एकशेऐंशी मिनिटांची. यजमान सकाळीच बजावायचे, "कॅसेट भरली पाहिजे हां." मग काय, पंगतीतून फिरत राहायचं. जिलबी, मठ्ठा, आग्रह, परत जिलबी. पुढे मिनी डीव्ही आली, ती साठ मिनिटांची. लग्न होतं तेवढंच, पण आता दर तासाला कॅसेट बदलायची आणि बदलायची वेळ यायची ती बरोबर शेवटच्या मंगलाष्टकाला. माप ठरवणाऱ्याला आपल्या लग्नाशी काही देणंघेणं नसतं, हे मी तिथेच शिकलो.

यूट्यूबचंही तेच. २००६ साली त्यांनी दहा मिनिटांची मर्यादा घातली. मी सड्यावरचं चालणं टाकायला लागलो तेव्हा ती होतीच. सायबर कॅफेत बसून एका वाटेचे चार भाग करायचे, आणि अपलोड होता होता लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या भागांतला तिसरा तेवढा लोकांनी पाहिला, कारण त्यात देऊळ होतं. जुलै २०१० मध्ये दहाची पंधरा मिनिटं झाली आणि त्याच डिसेंबरात काही खात्यांना मर्यादाच उठवली. २०१२ मध्ये ठरलं की व्हिडिओ लोकांपुढे ठेवताना नुसते व्ह्यूज धरायचे नाहीत, माणूस किती वेळ बघतो ते धरायचं. झालं, दोन मिनिटांत होणारी सोलकढी लोक बारा मिनिटं करायला लागले.

मग २०२०. जूनच्या २९ तारखेला टिकटॉक धरून ५९ ॲप्स बंद झाली. आपल्या तालुक्यातली जी पोरं दोन वर्षं त्यात जीव ओतत होती, त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. जुलैत आपल्याकडे रील्स आल्या, पंधरा सेकंदांच्या. त्याच महिन्याअखेर यूट्यूबने मधल्या जाहिरातीची अट दहा मिनिटांवरून आठवर आणली. सप्टेंबरात शॉर्ट्स आले, तेही आधी पंधरा सेकंदांचे, आणि पहिला प्रयोग भारतातच. पंधराचे साठ झाले. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पुढच्या जानेवारीत रीलही तिथवर गेली. ३१ मार्च २०२५ पासून तर शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात, मग कुणी बघो न बघो. मावसभाऊ तुला वाढलेले आकडे दाखवतो ना, त्यातले किती ह्या नव्या हिशेबातले, ते एकदा त्याला विचार.

ह्या सगळ्यात तुझी वाट कुठे आली? बेचाळीस मिनिटं झाली, कारण पाखाडीला दम लागतो. कारण तुझी मैत्रीण शेवटची करवंदं काढायला जाळीत शिरली आणि तिची ओढणी काट्यांत अडकली. कारण सर आली आणि आडोसा नव्हता. ही खरी कारणं. आठ मिनिटांना असं एकही कारण नाही. वाट जेवढी, तेवढा व्हिडिओ.

त्याच वाटेने मी श्रावणात एका दोस्ताबरोबर जातो. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यभर वेळापत्रकावर गाडी हाकली, त्याचा सूड आता चालताना घेतो. सड्यावर जिथे कातळाच्या खळग्यात बोटभर पाणी साचतं, तिथे तो सरळ पालथा पडतो आणि मला म्हणतो, कॅमेरा खाली आण, आणखी खाली. सीतेची आसवं. नखाएवढं जांभळं फूल आणि काडी इतकी बारीक की वारा आला की फोकस गेलाच. मुळांच्या जागी बारीक पिशव्या असतात, पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांत अडकतात आणि रोप त्यांच्यावर पोसतं. फूल स्थिर व्हायची वाट बघत आम्ही थांबलो होतो. छत्री त्याने कॅमेऱ्यावर धरलेली, पागोळी त्याच्या मानेवर. त्या वेळात काहीच घडत नाही, फक्त टिटवी ओरडते आणि तो एकदा शिंकतो. मी ते ठेवलं. शिंकेसकट.

त्याला हे पसंत नाही, तेही सांगतो. "तुझा विडिओ कोन बघनार हाय? मी स्टँडवर बसून धा शॉर्ट बघतो. तुझा बघाया मला सुट्टी टाकाया लागंल." निवृत्त माणूस सुट्टी कुठून टाकणार, हे विचारायचं मी टाळलं.

पण मुद्दा बघ. कातळशिल्पाची रील कोणीही करतं. जमिनीवर कोरलेला माणूस, त्याच्यावर होकायंत्र ठेवायचं, सुई भरकटते ती दाखवायची, मागे ढोल लावायचा. वीस सेकंदं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात देवाचे गोठणेही आहे, तेव्हापासून असं बरंच येतंय. ते बघून माणसं येतात, चपलांसकट रेषांवर उभी राहतात, फोटो काढतात आणि "एवढंच?" म्हणून जातात. त्यांचं चुकत नाही. त्यांना आधीचा सडा कुणी दाखवलेलाच नाही. इतका वेळ नुसता काळा कातळ तुडवल्यावर, झाड नाही, सावली नाही अशा जागी एकदम एक माणूस कोरलेला दिसतो, तेव्हा कुठे प्रश्न पडतो की हे कोणी आणि का केलं असेल. तुझ्या चित्रणात तो प्रश्न पडतो. सव्विसाव्या मिनिटाला तुझी मैत्रीण बोलता बोलता गप्प होते ना, तिथे. आधीची पंचवीस मिनिटं काढलीस तर ती उगाच गप्प झाल्यासारखी दिसेल.

मला एक गोष्ट अजून सलते. नव्वदीत कॅमेरा माझ्या हातात होता, पण कॅसेट विकत घ्यायची ती लग्नासाठीच. आईच्या माहेरी वाडीतून शाळेत जायची एक वाट होती, सड्यावरून आडवी. आज तिथे चिरेखाण आहे. सरळ कापलेल्या भिंती आणि खाली हिरवं पाणी. त्या वाटेचं चार सेकंदांचंही चित्रण माझ्याकडे नाही. जिलबी मात्र तासन्‌तास आहे.

पैशांचं काय, असं विचारशील. विचार. शॉर्ट्सना फेब्रुवारी २०२३ पासून जाहिरातीतला वाटा मिळतो, मला माहीत आहे. पण पैसे हवे असतील तर लग्नं घे, प्री-वेडिंग घे, दर चोख लाव, मी भाडेपट्टीवर लेन्स देतो. ते काम गिऱ्हाइकाच्या मापाने कर, बिनधास्त कर. सडा त्यात ओढू नकोस. मी हेच केलं आणि त्यात मला कमीपणा वाटलेला नाही. माझ्या व्हिडिओला ग्रामसभेला जमतात तेवढीच माणसं येतात, ठीक आहे. आकडा बघत नाही असंही नाही; रात्री झोपण्यापूर्वी बघतोच. पण मध्यंतरी घाटकोपरच्या एका चाकरमान्याने कमेंट केली : अकराव्या मिनिटाला डावीकडे जो दगडी गडगा दिसतो तो पडलाय का, जरा सांगा, चुलत्यांशी हद्दीवरून वाद चालू आहे. पडला नव्हता. तो गडगा कुठल्या रीलमध्ये आला असता मला सांग! कोणी हसलं तरी चालेल, मला हा प्रेक्षक पुरतो.

आता कामाचं. पाखाडी संपून सड्यावर येता तिथे वाऱ्याने माइक फडफडतो. पुढच्या वेळी त्यावर वारा अडवणारी फर लाव. गाणं घालू नकोस. ज्याला पुढे जायचंय त्याच्यासाठी खाली वेळा लिहून चॅप्टर्स कर, म्हणजे घाई करणारा घाई करेल आणि तुला कात्री लावायला नको. मूळ फाइल हार्ड डिस्कवर, दोन ठिकाणी. सरीत लेन्सवर थेंब आलाय तो पुसट भाग काढायचा तुला मोह होईल. राहू दे. "निदान एक मिनिटाचा ट्रेलर तरी टाक" असं सगळे म्हणतील. टाकलास तर मला लिंक पाठवू नकोस.

घरी सगळ्यांना नमस्कार.

ता. क. एकतिसाव्या मिनिटानंतर परतीच्या वाटेवर तुझी मैत्रीण तिला बघून गेलेल्या मुलाबद्दल बोलते. नाव घेते, गावही सांगते. टाकण्याआधी तिला नीट ऐकव आणि विचार. नको म्हणाली तर तेवढं काढ. तेवढंच.