लग्नसराईचा कॅमेरा आणि पौषातले पक्षी

नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा 22 वर्षांचा, बी.कॉम. झालेला. दोन वर्षं एका स्टुडिओबरोबर लग्नांत सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरचा जोडीदार म्हणून जातो. आता लग्नं सोडून फक्त वन्यजीवांचे फोटो काढायचे म्हणतो, त्यासाठी लांबचं जवळ आणणाऱ्या 600 एमएमच्या लेन्सला आणि कॅमेऱ्याच्या नव्या बॉडीला अडीच लाख हवेत. त्या विचारतात, ‘एफडी मोडू का?’

ताई, एफडी मोडू नका. पण त्याचा पक्ष्यांचा नादही मोडू नका.

‘लग्नाचे फोटो म्हणजे त्याला मजुरी वाटते,’ असं तुम्ही लिहिलंय, ते मला सलतंय. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, कुणाचा तरी मामा नेमका मधे येतो. कुठे उभं राहायचं हे ज्याला आधी कळतं त्यालाच तो फोटो मिळतो. सूर मारणारा खंड्या टिपायचा तरी त्याची बसायची काठी आधी हेरावी लागते. दोन वर्षांत तो हेच शिकलाय, त्याला ते कुणी सांगितलं नसेल इतकंच.

नुसत्या वन्यजीव फोटोंवर घर चालवणारे आपल्याकडे फार थोडे आहेत, आणि त्यांतलेही बरेच जण सहली आणि कार्यशाळा घेऊन कमावतात. तिथवर पोचायला वर्षं जातात. ती वर्षं लग्नांच्या पैशावर काढावीत. शिवाय पंचांग त्याच्या बाजूने आहे! तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पण पौषात आपल्याकडे लग्नं जवळजवळ थांबतात. नेमके त्याच थंडीच्या दिवसांत नांदूर मध्यमेश्वरला चक्रवाक, पट्टकादंब हंस आणि बदकांचे थवे उतरलेले असतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून 2020 मध्ये जाहीर झालं. नाशिकहून साधारण 40 किलोमीटर. पहाटे निघालं तर दुपारी घरी. असं अभयारण्य उशाशी असताना त्याने ताडोब्याच्या सफारीवर पैसे घालायची घाई करू नये.

आता सामानाचं. सगळ्यात आधी दोन कार्ड बसणारी बॉडी घ्यावी आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवावेत. कार्ड बिघडलं तर पक्षी उद्या पुन्हा येईल, लग्न पुन्हा लागत नाही. मग 70-200 एमएमची, जास्त उजेड आत घेणारी एफ 2.8 लेन्स. हॉलच्या कमी उजेडात हीच लेन्स हळद आणि स्टेज सांभाळते. निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) बॉडीवर 1.4 चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची पोच वाढवणारा जोड लावला, की तिच्यातून 420 एमएमसारखी चौकट मिळते, फक्त एफ 2.8 चं एफ 4 होतं, म्हणजे उजेड निम्मा होतो. येवल्याकडे ममदापूरच्या माळावरच्या काळविटांना एवढं पुष्कळदा पुरतं. पाण्याच्या मधोमध बसलेल्या रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगोंना) मात्र पुरत नाही. तेवढ्यासाठी 150-600 एमएमची लेन्स दिवसाच्या भाड्याने आणावी. ट्रायपॉडची घाई नको, जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरून द्या, गाडीच्या खिडकीवर लेन्स छान टेकते. कर्ज काढून घेतलेली मोठी लेन्स वर्षातले दहा महिने कपाटात राहते आणि हप्ता बाराही महिने जातो.

एक कायद्याची गोष्ट त्याला जरूर सांगा. लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढले, की वेगळा करार नसल्यास 1957 च्या कायद्यानुसार त्यांचा कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. म्हणून ते जाहिरातीसाठी वापरायचे असतील तर बयाणा घेतानाच तसं लिहून घ्यावं. स्वतःहून काढलेला पक्ष्याचा फोटो मात्र त्याचाच. आणि घरट्याजवळ कधीही जाऊ नये. पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीत मोडतं, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. येताना लेन्सची यादी नको. यंदाच्या लग्नसराईत बुक झालेल्या तारखा आणि नांदूर मध्यमेश्वरला आहे त्या कॅमेऱ्याने काढलेले वीस फोटो आणू दे, प्रत्येक फोटोखाली पक्ष्याचं नाव आणि तो त्या वेळी काय करत होता हे लिहून.