आउटडोअर पोर्ट्रेटसाठी मोठा रिफ्लेक्टर घ्यायचाय, कोणता घेऊ?

आधी ठरवा, फ्रेममध्ये किती माणूस येणार. चेहरा-खांद्यांपर्यंतच असेल तर 110 सेंटीमीटरचा गोल पुरतो. उभा पूर्ण माणूस किंवा जोडपं असेल, तर साधारण 120 बाय 180चा लंबगोल किंवा चौकोनी पॅनेल घ्या. लहान रिफ्लेक्टरने चेहरा उजळतो आणि कमरेखाली सगळं अंधारतं.

पृष्ठभाग पांढराच जास्त वापराल. चंदेरी लांबून प्रकाश फेकतो, पण भर उन्हात जवळ धरला की समोरच्याचे डोळे लगेच बारीक होतात, पाणी येतं. तसा फोटो मला तरी नको वाटतो. सोनेरी फक्त संध्याकाळच्या उन्हात. एरवी त्वचा पिवळट दिसते. पाचात-एक प्रकारातला, म्हणजे एकाच रिफ्लेक्टरमध्ये पाच पृष्ठभाग मिळतात त्यातला, अर्धपारदर्शक पडदा मात्र सोडू नका. दुपारी तो डोक्यावर धरला की नाकाखालची काळी सावली मऊ होते.

खरी अडचण वाऱ्याची. एवढा पॅनेल म्हणजे शीडच! एकटे काम करत असाल तर कडक फ्रेमचा घ्या आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा. मदतनीस असेल तर हँडलवाला घडीचा बरा. आणि तो जमिनीवर आडवा ठेवू नका, खालून आलेला प्रकाश चेहरा भेसूर करतो. छातीच्या उंचीवर, थोडा बाजूने धरायला सांगा.