झेनचा वॉटर पंप घरी बदलता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: १९९९ची मारुती झेन, घाटात तापते, मेकॅनिकनं बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि "वॉटर पंप गेलाय" म्हणाला. घरच्या पार्किंगमध्ये तो बदलता येईल का?

येतो. मी वडिलांच्या झेनचा बदललाय, कोल्हापुरात, इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन रविवार घालवून. सरावाचा मिस्त्री हेच काम अर्ध्या दिवसात उरकतो. तेव्हा फक्त मजुरी वाचवायची असेल तर गॅरेज बरं. हात काळे करायची हौस असेल तर पुढचं वाचा.

आधी पंपच गेलाय का ते बघा. तापणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी आळ पंपावर येतो आणि पुष्कळदा तो निर्दोष निघतो. गाडी सिग्नलला, ट्रॅफिकमध्येच तापत असेल आणि रस्त्यावर धावायला लागली की काटा खाली येत असेल, तर रेडिएटरचा पंखा किंवा त्याचा थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारा स्विच) बघा. रेडिएटरची कॅप बघा. तिच्यावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे ती ०.९ किलोचा दाब धरते आणि त्या दाबामुळेच आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. तिचं रबर कडक झालं असेल तर दाब राहत नाही. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला असेल तर इंजिन गरम आणि रेडिएटर गार असा प्रकार दिसतो. आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर पंप विसरा, हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगचं बघा.

पंपाची स्वतःची लक्षणं वेगळी. त्याच्या शाफ्टखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतला सील गेला की पाणी बेअरिंगमध्ये न घुसता तिथून बाहेर पडतं. झेनमध्ये ते सरळ दिसत नाही. टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) पांढरट-हिरवट ओघळ दिसतो, तोच पुरावा. इंजिन गार असताना बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टा सैल करून पंपाची पुली हातानं हलवा. खडखडली, म्हणजे बेअरिंगला प्ले आलाय, ते ढिलं झालंय.

आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं, गळतीचा थेंब नाही. तरी आंबा घाटात अर्ध्यावर काटा लाल पट्टीला टेकायचा. पंप काढला तेव्हा कळलं. आतल्या चक्राची पाती उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती, एक तर निम्मीच उरलेली. पंप फिरत होता, पण पाणी ढकलायला पातीच नव्हती. वडील वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आले होते, "पाणी ते पाणी" म्हणून. त्यातले क्षार आतून थरावर थर चढत गेले आणि गंज वेगळाच.

आता काम. खरं सांगायचं तर पंप बदलणं म्हणजे काही बोल्ट, एक पॅकिंग. पण झेनच्या या जी-सिरीज इंजिनात पंप अल्टरनेटरच्या पट्ट्यावर फिरत असला तरी बसवलाय टायमिंग बेल्टच्या मागे. टायमिंग बेल्ट म्हणजे खालची क्रँक आणि वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना ताळमेळात फिरवणारा दातेरी पट्टा. म्हणजे पंपापर्यंत पोचायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, आणि तो चुकीचा चढवलात तर नव्या पंपाचा काही उपयोग नाही.

रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच सुरुवात करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढचं उजवं चाक काढून गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, शेजारचे काका कितीही म्हणोत "काही होत नाही". कूलंट घमेल्यात काढा. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जातो. त्यामुळे घमेलं तसंच उघडं सोडू नका, गटारातही ओतू नका.

पट्टा, पंपाची पुली, क्रँकची पुली, मग टायमिंग कव्हर. माझ्या गाडीत क्रँकची पुली कडेच्या छोट्या बोल्टांवर होती, मधल्या मोठ्या बोल्टाला हात लावायची गरज पडली नाही. कव्हर निघालं की बेल्ट सोडण्याआधी क्रँक हळूहळू फिरवून दोन्ही खुणा त्यांच्यासमोरच्या स्थिर खुणांशी जुळवा, वर कॅम पुलीची आणि खाली क्रँकच्या दातेरी पुलीची. स्पार्क प्लग काढून ठेवलेत तर इंजिन हलक्या हातानं फिरतं. खुणा जुनाट, काळवंडलेल्या असतात, म्हणून मी बहिणीची पांढरी नेलपॉलिश लावली आणि मोबाईलवर फोटो काढले. त्यानंतर बेल्ट सोडा. बेल्ट उतरल्यावर क्रँक आणि कॅम दोन्ही जागेवर राहू द्या.

पंपाच्या अंगावर आणखी दोन गोष्टी अडकवलेल्या असतात, अल्टरनेटरचा ब्रॅकेट आणि ऑइलच्या डिपस्टिकची नळी. त्या सोडवल्याशिवाय पंप सुटत नाही, आणि माणूस टॉमी लावून ओढत बसतो. मीही बसलो होतो.

पंप निघाला की जुना कचऱ्यात टाकायची घाई करू नका. त्याच्या कडेला दोन छोटी रबरं असतात, एक पंप आणि ऑइल पंपाच्या मधलं, दुसरं पंप आणि हेडच्या मधलं. काळी, तेलकट, पॅकिंगच्या तुकड्यांसारखी दिसणारी. नव्या पंपाच्या डब्यात ती असतीलच असं नाही. जुनी फेकलीत आणि नवी आणली नाहीत, तर त्या फटींतून धूळ-पाणी थेट टायमिंग बेल्टवर जातं. दुकानात पंप घेतानाच मागून घ्या.

नवा आणि जुना पंप शेजारी ठेवून बघा. पुली बसायची जागा दोन्हींत एकाच उंचीवर आहे ना? मला मिळालेला पहिला पंप नकली होता आणि ती जागा जरा पुढे आलेली होती. तसाच बसवला असता तर पट्टा तिरका चालून महिनाभरात कुरतडला असता. दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिला. टायमिंग बेल्ट आणि त्याला ताण देणारा टेन्शनरही याच वेळी नवे घाला. एवढं उघडल्यावर जुना बेल्ट परत चढवणं म्हणजे तेच काम पुन्हा करायची तयारी ठेवणं.

ब्लॉकवर चिकटलेलं जुनं पॅकिंग काढताना पोलादी पटाशी वापरू नका. इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, ओरखडा उठला की तिथूनच गळती. मी प्लॅस्टिकची पट्टी आणि थिनर वापरून तासभर घासलं.

बोल्टांनाही ॲल्युमिनियम लक्षात ठेवूनच पाना मारा. त्यांना साधारण १ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर पुरे, दंडाचा नको. मी शेवटच्या बोल्टाला "अजून थोडा" म्हणून पीळ दिला आणि तो लोण्यात फिरल्यासारखा फिरायला लागला. आटे मेले. दुसरा रविवार त्यातच गेला. उद्यमनगरातून एका लेथवाल्याला घरी आणलं. त्यानं भोक मोठं करून नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग बसवली, दहा मिनिटांत. "टॉर्क पाना नाही काय तुमच्याकडं?" एवढंच विचारलं. नव्हता. आता आहे.

बेल्ट चढवून टेन्शनर कसल्यावर क्रँक हातानं, तिच्या नेहमीच्या दिशेनं, पुरते दोन फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. एका दातानंही इकडेतिकडे असेल तर उतरवा आणि पुन्हा चढवा. फिरवताना कुठं कडक अडलं तर जोर लावू नका, थांबा.

कूलंट भरताना बोअरचं, नळाचं पाणी नको. तयार मिश्रण घ्या किंवा कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळा. रेडिएटरची कॅप उघडी ठेवून हळूहळू ओता, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन आयडलवर चालू द्या. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतात आणि पातळी एकदम खाली जाते. तेवढं परत भरा, मग कॅप लावा. आत हवा राहिली तर नव्या पंपासकट गाडी तापते आणि माणूस पंपवाल्याला शिव्या घालतो.

रात्री इंजिनाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी कोरडा असेल तर कूलंटच्या बाटलीची पातळी बघून गावात एक चक्कर मारा. घाट पुढच्या आठवड्यात.