परिपूर्णतेची ओढ आणि ढोंग

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलजन (मंडळीचे पुढारी) उपासनेत पावित्र्यावर तळमळीनं बोलतात, शेतावरच्या बायांची मजुरी मात्र महिनोन्‌महिने थकवतात. ‘तुम्ही पूर्ण व्हा’ ही येशूची आज्ञा तर कोणालाच पाळता येत नाही. मग आपण सगळेच ढोंगी ना?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नाही, ताई. कमी पडणं वेगळं, ढोंग वेगळं. मी अजून पूर्ण झालेलो नाही, पण त्यामागे लागलो आहे, असं प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात उघड सांगतो (३:१२). मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली यानं ख्रिस्ती परिपूर्णतेवर आयुष्यभर शिकवलं, १७६६ साली पुस्तकही काढलं. ती आपल्याला लाभली असा दावा मात्र केला नाही. यांना ढोंगी कोण म्हणेल?

परूशी, म्हणजे येशूच्या काळातले नियम काटेकोर पाळणारे यहुदी, पुदिना, शेप, जिरं यांचा दशमांश मोजून देत आणि न्याय, दया, विश्वास सोडून देत (मत्तय २३:२३). येशूचा संताप त्यावर होता.

आणि ‘तुम्ही पूर्ण व्हा’ हे वचन (मत्तय ५:४८) एकटं वाचू नका. आधीची वचनं वैऱ्यावरच्या प्रीतीची आहेत. पिता आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवरही उगववतो. कोणालाच न वगळणारी प्रीती, ही तिथली पूर्णता.

मजुरीचं वाचून मात्र मन फार अस्वस्थ झालं. याकोबाच्या पत्रात (५:४) अडकवलेली मजुरीच ओरडते, कापणी करणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोचतो. वडीलजनांना आधी एकांतात भेटा, ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना सोबत न्या (मत्तय १८:१५-१६). जाण्यापूर्वी कोणाचे किती पैसे थकलेत, ते त्या बायांनाच विचारून लिहून घ्या.