एक्सल शाफ्ट तुटला, दुकानदार म्हणतो टायर मोठे होते

प्रश्न : माझ्या फोर-बाय-फोरला ३१ इंची टायर आहेत, मागे लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी यंत्रणा) आहे. मार्चमध्ये नाना पेठेतल्या एका दुकानातून मागचे दोन हाफ शाफ्ट (चाक फिरवणारे एक्सलचे दांडे) ३८ हजारांना घेतले. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टायर, लॉकर सगळे सांगून विचारले होते. उत्तर आले, "ईएन २४ आहे, बिनधास्त टाका." (ईएन २४ हा पोलादाचा ग्रेड.) बिलावर मात्र नुसतेच 'एक्सल शाफ्ट, २ नग' आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. जुलैत ताम्हिणी उतरताना डावा शाफ्ट तुटून चाक बाहेर आले. ड्रम आणि मडगार्ड गेले. दुकानदार म्हणतो, टायर मोठे, गॅरंटी नाही. तुकडे आणून द्या, बनवणाऱ्याला दाखवतो. काय करू? (कोथरूड)

उत्तर : तुकडे देऊ नका. बाकीचे नंतर. एकदा काउंटरपलीकडे गेले की 'कुरियरमध्ये गहाळ झाले' एवढ्या उत्तरावर तुमची तक्रार लंगडी होते. दुकानदाराला पाहायचेच असेल तर त्याने तुमच्या गॅरेजमध्ये यावे, फोटो काढावेत आणि पाहिल्याचे लिहून द्यावे.

तुटलेली तोंडे एकमेकांवर बसतात का, हे घासून पाहू नका (मिस्त्री हे हमखास करतात). तारेचा ब्रशही नको. हलके तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, कारण या हवेत गंज लगेच चढतो आणि खुणा जातात. त्या खुणांवरच बरेच ठरते. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वळ्या असतील तर तडा आधीपासून हळूहळू वाढत होता. स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दाते पिळवटलेले असतील तर एकदम जबर ताण आला, आणि हे दुकानदाराच्या पथ्यावर पडते. डिफरन्शियलमध्ये (एक्सलमधल्या गिअरपेटीत) अडकलेला आखूड तुकडाही काढून ठेवा.

उजवा शाफ्ट अजून गाडीत असेल. तोही काढा. एकाच खरेदीतला आणि न तुटलेला म्हणून तो उपयोगाचा, आणि त्यावर गाडी चालवणे धोक्याचे. सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये चाक फिरवण्याबरोबर वजनही शाफ्टच पेलतो. तुटला की चाक बाहेर येऊ शकते, तुमचे आले तसे.

आता टायरचा मुद्दा. शाफ्ट का तुटला यावर वाद घालायला गेलात तर दुकानदाराच्या मैदानात खेळाल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चे कलम ८७ सांगते की वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा (सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा) दावा चालत नाही. फेरफार गाडीत आहे, शाफ्टमध्ये नाही, असे म्हणता येईल, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. तुमचा पहिला मुद्दा वेगळा हवा : सांगितले एक पोलाद, दिले दुसरे. त्याला टायरच्या मापाशी देणेघेणे नाही. वस्तूचा दर्जा किंवा घडण खोटी सांगणे ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि वर्णनानुसार माल देणे वस्तुविक्री कायदा १९३०च्या कलम १५नेही बंधनकारक आहे. टायर सांगून विचारले होते, त्यामुळे कलम १६सुद्धा (सांगितलेल्या कामाला माल योग्य असणे) तुमच्या बाजूने येते. ज्या टायरचा तो आज बाऊ करतोय, ते त्याला विकण्याआधीच माहीत होते.

अर्थात पोलाद खरोखर वेगळे निघाले पाहिजे. उजव्या शाफ्टचा छोटा काप एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो चाचणीला (धातूतले घटक मोजणारी) द्या. ईएन २४मध्ये निकेल साधारण १.३ ते १.७ टक्के आणि क्रोमियम १ ते १.४ टक्के असते, शिवाय थोडे मॉलिब्डेनम. स्वस्तातल्या ईएन ८मध्ये कार्बन जवळपास तेवढाच, पण निकेल मुद्दाम घातलेले नसते. म्हणजे एका आकड्यावर निकाल लागू शकतो. कापण्याआधी दुकानदाराला तारीख कळवून हजर राहायला बोलवा. डाव्याला मात्र हात लावू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८नुसार ग्राहक आयोगच नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्यासाठी तो तसाच राहू द्या. उलट अहवाल ईएन २४चाच आला तर तुमची बाजू बरीच पातळ होईल, हे आधीच धरून चाला.

'माल परत नाही' या ओळीला घाबरू नका, पण उलट टोकही गाठू नका. ग्राहक कायद्यानुसार सदोष माल परत न घेणे अनुचित ठरते ते बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत. तुमचे चार महिने झालेत, म्हणून या कलमावर विसंबू नका.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची मुदत. मग पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरूनही चालते. मुदत दोन वर्षे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील लागतोच असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण मूळ फोनमध्ये राहू द्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडा. गाडी भाड्याने फिरवत असाल तर 'व्यावसायिक वापर' हा आक्षेप येणारच. बदली शाफ्ट देऊन दुकानदार 'पूर्ण व अंतिम तडजोड' अशा कागदावर सही मागेल. ड्रम-मडगार्डचे पैसे त्यात नसतील तर करू नका.

टायर लपवू नका. कंपनीने ठरवलेल्या मापाबाहेरचे असतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आणि १८२अ(४)खाली दर फेरफारामागे ५,००० रुपये दंडाचा, क्वचित कैदेचा, प्रश्न उभा राहतो. तक्रारीत खरे लिहा आणि मूळ माप परत बसवा. विमा कंपनी शाफ्टचे पैसे देणार नाही, यांत्रिक मोडतोड पॉलिसीतून वगळलेली असते. मडगार्डच्या नुकसानीचा दावा मात्र टाकून पाहा.

नवे शाफ्ट घेताना जुना सोबत न्या : दात्यांची संख्या, स्प्लाइनचा बाहेरचा व्यास, फ्लँजपासून (चाक बसते त्या चकतीपासून) टोकापर्यंतची लांबी, बेअरिंग बसते तिथला व्यास. डिफरन्शियल मध्यावर नसेल तर डावा-उजवा वेगळ्या लांबीचा असतो. बेअरिंग, कॉलर, ऑइल सील नवे घाला, आणि बसवणाऱ्याकडून तारखेचे जॉब कार्ड घ्या; उद्या 'फिटिंग चुकले' असे म्हटले जाईल. बिलावर बनवणाऱ्याचे नाव, पार्ट नंबर, पोलादाचा ग्रेड आणि 'ऑफ-रोड वापरास गॅरंटी आहे/नाही' हे लिहून घ्या. 'नाही' लिहिले तरी चालेल, निदान काय घेतले ते तुम्हाला कळेल.