गुरूच्या घाटावर दोरीचा ठसा

प्रश्न : ताई, जपानी कुंभार शिमाओकांची भांडी गुरू हमादांसारखीच दिसतात. मग त्यांचं स्वतःचं काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दादा, घाट, म्हणजे भांड्याचा आकार, गुरूचा. ज्या माशिको गावात काम केलं, तेही गुरूचंच. पण भांड्याच्या अंगावरचे ठसे बघा. तात्सुझो शिमाओकांचे वडील गोफ विणायचे. मुलानं तसलाच गोफ ओल्या मातीवर फिरवला, खाचांत पांढरी माती भरली, वरचा थर खरवडला. खाली दोरीची नक्षी! १९४६ साली ते हमादांकडे शिकायला गेले. १९९६ मध्ये जपाननं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानलं.

खानापुरात मी वडिलांच्याच थापीनं मडकी ठोकते. माझ्या मडक्याचं पोट अजून त्यांच्यासारखंच येतं, आणि मला ते फार आवडतं. गळ्याची रेघ मात्र माझी.